सोपा, माजघर आणि राउटर

गेल्या महिन्यात जोडून सुट्ट्या आल्या म्हणून साताऱ्याला घरी गेलो होतो. शनिवारी दुपारी आईच्या हातचं जेवायचं आणि मस्त ताणून द्यायची असा साधा सरळ बेत होता. पण टीव्हीवर मॅच लावली आणि ते गोल गोल फिरणारं चक्र काही थांबेना. बाबा म्हणाले, "रोज संध्याकाळी असंच होतं. हल्ली दुपारीपण व्हायला लागलंय." मुलगा इंजिनिअर असला की त्याने गीझरपासून मिक्सरपर्यंत काहीही दुरुस्त करावं अशी समस्त आईबाबांची अपेक्षा असते. इथे तर प्रकरण थेट माझ्याच खात्यातलं होतं. म्हटलं चला, दहा मिनिटांचं काम आहे.

लॅपटॉप उघडला, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं. राउटरने नाव आणि पासवर्ड विचारला. गंमत म्हणून दोन्हीकडे 'अ‍ॅडमिन' असं टाइप केलं. दार उघडलं! पहिल्याच झटक्यात. आत जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी बघितली तर १९ नावं. घरात आई आणि बाबांचे दोन फोन, एक टीव्ही, आणि माझा फोन व लॅपटॉप. झाले पाच. उरलेले चौदा कोण?

"बाबा, आपल्या वाय-फायचा पासवर्ड काय आहे?"

"माझा मोबाइल नंबर. तो फायबर जोडायला आलेला पोरगाच म्हणाला, काका, लक्षात राहील असा टाकतो."

आता पुढची गंमत ऐका. आमचे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यामुळे त्यांचा मोबाइल नंबर खाली लिफ्टच्या शेजारी पाटीवर ठळक अक्षरात लिहिलेला आहे. म्हणजे घराला कुलूप लावायचं आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवून वर 'किल्ली इथे आहे' असा बोर्ड लावायचा, त्यातला प्रकार.

मग काय, माझ्या अंगात ऑफिसमधला ऑडिटवाला संचारला. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला, वाय-फायचा बदलला, डब्ल्यूपीएस बंद केलं, फर्मवेअर नवीन टाकलं. अर्ध्या तासात यादीत फक्त पाच नावं आणि मॅच एकदम झकास चालू. मी विजयी मुद्रेने बाबांकडे बघितलं. बाबा काही बोलले नाहीत.

रविवारी सकाळी साडेसातला बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या काकू. "अहो, वाय-फाय गेलंय का? नातवाचा आठ वाजता ऑनलाइन क्लास आहे." पाठोपाठ तळमजल्यावरच्या ताई, ज्या घरगुती डबे देतात. त्यांच्या ऑर्डरी फोनवर येतात आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मोबाइलची रेंज मिळत नाही. नऊ वाजता वॉचमनमामा येऊन दारात नुसतेच उभे राहिले. रात्री ते गावाकडे नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलतात, काल बोलता आलं नव्हतं. "काही नाही साहेब, सहज विचारायला आलो," म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "कुणाला न सांगता पाणी तोडल्यासारखं केलंस तू."

खरं सांगतो, जाम राग आला. म्हटलं, बाबा, तुम्हाला कळत नाहीये की काय होऊ शकतं. आणि बाबा म्हणाले, "मग कळेल असं सांग ना. तू तर काहीच सांगितलं नाहीस, नुसतं बदललंस."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितोय.

तर आधी माझी बाजू. ही भीती काही मी हॉलिवूडचा सिनेमा बघून आणलेली नाही. आपल्याच मुंबईत घडलेली गोष्ट आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी प्रसारमाध्यमांना एक ई-मेल गेला होता. पोलिसांनी आयपी अ‍ॅड्रेसचा माग काढला तर तो निघाला नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या घरातला. त्याची चौकशी झाली, कॉम्प्युटर तपासायला गेले, पेपरांत दिवसेंदिवस त्याचं नाव झळकलं. तपासात निघालं की त्याच्या उघड्या वाय-फायवरून तो ई-मेल भलत्याच कुणीतरी पाठवला होता. पुढे ऑगस्टमध्ये असाच एक ई-मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायवरून. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन रस्त्यारस्त्यांवर उघडी वाय-फाय शोधत हिंडत होते, आठवतंय का कुणाला? फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फायच्या सुरक्षित वापराबद्दल सूचनाही काढल्या.

थोडक्यात काय, तर बाहेरच्या जगाला तुमच्या घरातली १९ उपकरणं दिसत नाहीत. एकच पत्ता दिसतो आणि त्या पत्त्यावर नाव असतं बाबांचं. उद्या कुणी पाटीवरचा नंबर वाचून जिन्यात बसून काही उपद्व्याप केले, तर दारात पोलीस येणार ते बाबांच्या. निर्दोष सुटतील हो नक्की. पण सत्तरीतल्या माणसाने 'मी नव्हतो' हे सिद्ध करत किती चकरा मारायच्या?

आता यावर माझ्या एका मित्राचा ठरलेला युक्तिवाद असतो, की अरे, आता बँकेपासून चॅटपर्यंत सगळं एन्क्रिप्टेड असतं, वाय-फायवर कुणी बसलं तरी त्याला काय दिसणार? मुद्दा चुकीचा नाही. २००५ साली कॅफेत बसून शेजारच्याचा मेल वाचणं जितकं सोपं होतं तितकं आज नाही. पण चोराला तुमचा मेलच वाचायचा असतो असं कुणी सांगितलं? त्याला तुमचा पत्ता वापरायचा असतो. किंवा तुमचा राउटरच वापरायचा असतो. २०१६ साली 'मिराई' नावाचा एक प्रकार आला. त्याची युक्ती शाळकरी पोरालाही जमेल अशी होती. कारखान्यातून येणारे साठेक ठरलेले नाव-पासवर्ड घ्यायचे आणि जगभरातले कॅमेरे, राउटर, रेकॉर्डर यांच्यावर एकेक करून लावून बघायचे. लाखो उपकरणं त्याच्या हाती लागली. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या फौजेने एका डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अमेरिकेत कित्येक तास लोकांना उघडता येईनात. पुढच्याच महिन्यात त्याच्या एका भावंडामुळे जर्मनीत नऊ लाख ग्राहकांचे राउटर बंद पडले. हे राउटर आणि कॅमेरे कुणाचे होते? तुमच्याआमच्यासारख्यांचेच. 'माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय' असं म्हणणाऱ्यांचे.

शिवाय राउटरच्या आत शिरलेला माणूस डीएनएस बदलू शकतो. म्हणजे तुम्ही पत्ता विचारलात बँकेचा आणि राउटरने पाठवलं भलत्याच आळीत. ब्राउझर इशारा देतो, मान्य. पण माझी आई असले इशारे कसे हाताळते ते मला माहीत आहे. 'पुढे जा' असं बटण दिसलं की ती पुढे जाते.

आता कुलुपांविषयी थोडंसं. फंडे कच्चे असतील तर हा परिच्छेद वाचाच, पक्के असतील तर खुशाल पुढे जा :-)

वाय-फायचं पहिलं कुलूप होतं डब्ल्यूईपी. ते २००१ मध्येच शास्त्रोक्त पद्धतीने फोडलं गेलं आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी ते एका मिनिटाच्या आत फोडून दाखवलं. मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३. मध्येच २००६ मध्ये डब्ल्यूपीएस नावाची सोय आली. पासवर्ड टाइप करायचा कंटाळा ना, मग आठ आकडी पिन टाका. यातला शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, म्हणजे खरे आकडे सात, म्हणजे एक कोटी शक्यता. पण राउटर पिनचे पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि उरलेले वेगळे, आणि कुठला भाग चुकला तेही कळतं! मग १०,००० अधिक १,०००, एकूण ११,००० प्रयत्नांत खेळ खलास. ही भानगड डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाली. तरी आजही कित्येक घरांत ते सुरूच असतं. बंद करा.

आणि तो मोबाइल नंबरवाला पासवर्ड. डब्ल्यूपीए२ मध्ये एखादा फोन राउटरला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती हवेतून टिपता येते. मग घरी जाऊन निवांतपणे एकेक पासवर्ड लावून बघायचा, राउटरला पत्ताही लागत नाही. आपला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे सगळ्या मिळून शक्यता ४०० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं. पण गेम खेळायला घेतलेलं आजचं एखादं तगडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. करा भागाकार. ४,००० सेकंद, म्हणजे तास-सव्वा तास. एक पिक्चर बघून होईपर्यंत पासवर्ड हातात. आणि आमच्या सोसायटीत तर तेवढंही नको, लिफ्टपर्यंत चालत जायचं.

उलट पाच साधे मराठी शब्द घ्या. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. 'पोपट कोयता चांदणी बस लोणचं' असं काहीतरी, रोमन अक्षरांत लिहायचं. (हाच टाकू नका म्हणजे झालं.) नेहमीच्या पाच हजार शब्दांमधून डोळे मिटून पाच उचलले, तर त्याच कार्डाला सगळ्या शक्यता तपासायला जवळजवळ एक लाख वर्षं लागतील. चारच शब्द घेतलेत तर वीस वर्षं. म्हण किंवा गाण्याची ओळ मात्र घेऊ नका, कारण ते शब्द डोळे मिटून उचललेले नसतात.

वाय-फायचं नाव लपवणं आणि मॅक अ‍ॅड्रेसची यादी करणं, या दोन उपायांवर लोकांचा फार जीव असतो. दोन्हीचा उपयोग जवळपास शून्य. लपवलेलं नाव फोन जोडला जाताना हवेत उघडं पडतंच आणि मॅक अ‍ॅड्रेसची नक्कल करणं दोन मिनिटांचं काम आहे. उलट हल्लीचे फोन स्वतःच दर नेटवर्कला वेगळा मॅक दाखवतात, त्यामुळे त्या यादीचा ताप तुम्हालाच जास्त.

असो. तर तांत्रिकदृष्ट्या मी बरोबर होतो. शंभर टक्के. पण रविवारी दुपारी वरच्या काकूंचा नातू जिन्यात बसून आजीच्या फोनचा डेटा पुरवून पुरवून वापरताना दिसला, तेव्हा ते शंभर टक्के मला काही फार उपयोगाचे वाटेनात.

आपण सॉफ्टवेअरवाले लोक सुरक्षा म्हणजे 'नाही' म्हणायची कला समजतो. पोर्ट बंद, परवानगी बंद, शेजारी बंद. पण बाबांच्या लेखी ते वाय-फाय म्हणजे तंत्रज्ञान नव्हतंच. तो होता शेजारधर्म. लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आल्या तेव्हा काकूंच्या घरी कनेक्शन नव्हतं, म्हणून बाबांनी स्वतः वर जाऊन पासवर्ड दिला होता. पुढे तो आणखी दोनचार जणांना दिला. त्या चौदा उपकरणांतल्या नऊंची नावं बाबांनी मला मालकासकट सांगितली. अर्थात पाच त्यांनाही माहीत नव्हती, आणि तिथे बाबांचा आवाज जरा खाली आला. त्यांची चूक देण्यात नव्हती. कुणाला दिलं याचा हिशोब ठेवला नाही ही चूक होती. आणि माझी चूक अशी की मी हिशोब चुकला म्हणून दुकानच बंद केलं.

आमच्या गावच्या जुन्या घराला सोपा होता. (कोकणातले लोक ओटी म्हणतील.) वाटसरू असो, पोस्टमन असो, भांडण घेऊन आलेला भाऊबंद असो, सोप्यावर कुणीही यावं, बसावं, पाणी प्यावं. आजोबांनी कधी कुणाला 'का आलास' विचारलं नाही. पण सोप्यावरून माजघरात जायचं तर तुम्ही घरचे लागायचात. आणि जिथे धान्य आणि दागिने, ती खोली तर घरातल्यांनाही सहजी उघडी नसे. यात कुणाला अपमान वाटला नाही, कारण सोप्यावर बसायला मिळालेलं असायचं. नुसतंच माजघर असलेलं घर बांधलं, की मग दोनच पर्याय राहतात. सगळ्यांना आत घ्या, नाहीतर दार लावून घ्या. बाबांनी पहिला निवडला, मी दुसरा.

आजकालच्या बहुतेक राउटरमध्ये सोपा असतो. त्याला गेस्ट नेटवर्क म्हणतात. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, तिथे बसलेल्याला इंटरनेट मिळतं पण घरातला टीव्ही, कॅमेरा, कॉम्प्युटर दिसत नाही. (काही राउटरमध्ये हे 'न दिसणं' वेगळं चालू करावं लागतं, तेवढं बघून घ्या.) वेग किती द्यायचा तेही बऱ्याच ठिकाणी ठरवता येतं, म्हणजे मॅच अडकत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, बाहेरून बघणाऱ्याला सोपा आणि माजघर यांचा पत्ता एकच दिसतो. म्हणजे जबाबदारी तुमचीच. त्यामुळे सोपासुद्धा ओळखीच्या माणसांनाच, आणि आपल्या कनेक्शनच्या अटी एकदा वाचून.

आणि हो, सगळा दोष ग्राहकाच्या माथी मारायचा यालाही माझा विरोध आहे. फायबर जोडायला आलेला मुलगा दिवसाला अमुक इतकी कनेक्शनं उरकायची या घाईत असतो. त्याने 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' तसंच ठेवलं तर त्याला काय म्हणणार? पण तो राउटर तसा बनवणाऱ्याला आणि देणाऱ्याला म्हणता येतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच सोपा पासवर्ड घालून अशी उपकरणं विकायला कायद्याने बंदी आहे. कुलूपवाल्याने गावभर एकाच किल्लीची कुलपं विकली तर आपण गिऱ्हाइकाला दोष देऊ का?

रविवारी संध्याकाळी बाबांना घेऊन बसलो. दोन तास लागले, पण या वेळी बटणं त्यांनी दाबली. सानपाड्याची गोष्ट सांगितली, ती त्यांना बरोब्बर आठवत होती. फक्त तिचा आपल्या टीव्हीखालच्या डबीशी संबंध आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी, वीस वर्षं या धंद्यात असलेला त्यांचा मुलगा, मीसुद्धा नाही. गेस्ट नेटवर्क सुरू केलं. त्याचा पासवर्ड दर महिन्याच्या एक तारखेला, मेंटेनन्सच्या पावत्या फाडायच्या दिवशी बदलायचा असं बाबांनीच ठरवलं. नवा पासवर्ड कुणाकुणाला दिला ते सोसायटीच्या वहीत शेवटच्या पानावर लिहायचं. मास्तरकीत आयुष्य गेलेला माणूस, हजेरीपट त्यांना मला शिकवायला लागत नाही! वॉचमनमामांना बाबा स्वतः खाली जाऊन सांगून आले. अनोळखी पाच जण परत आलेच नाहीत.

पुण्याला परतल्यावर पहिलं काम काय केलं असेल? स्वतःचा राउटर उघडला. पासवर्ड ठीक होता. फर्मवेअर तीन वर्षांपूर्वीचं. डब्ल्यूपीएस चालू. बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, राउटरची सेटिंग्ज उघडता येतील अशी सोय चालू. ती मीच कधीतरी 'दोन दिवसांपुरती' केली असणार. बायकोला हे सगळं सांगितलं नाही. आता वाचेलच म्हणा.

परवा परत साताऱ्याला चक्कर झाली. फोन जोडायला गेलो तर पासवर्ड चुकीचा. बाबांना म्हटलं, "बदललात वाटतं?"

"हो. मेनचापण बदलला मागच्या आठवड्यात. पाच शब्द, डोळे मिटून."

"मग सांगा ना."

बाबांनी वही उघडली, शेवटचं पान काढलं, त्या महिन्याचा गेस्टचा पासवर्ड वाचून दाखवला आणि खाली तारीख घालून माझं नाव लिहिलं.

"आता महिन्यातून एकदा येतोस तू," ते म्हणाले. "सोप्यावर बस."